इंजिन अडखळूं लागतें तेव्हां



बंद पडलेलें इंजिन आणि अडखळणारें इंजिन यांत पुष्कळ अंतर आहे. बंद पडलेल्या इंजिनाचें कारण बहुधा एकच असतें व तें शोधल्यास लवकर सांपडतें. परंतु जें इंजिन चालतें पण नीट चालत नाहीं, घराच्या दाराशीं गुणी मुलासारखें वागतें व घाट लागला कीं धापा टाकूं लागतें, तें मालकाला, मिस्त्रीला आणि मालकाच्या खिशाला सारखेंच दमवितें. अशा इंजिनाची परीक्षा कोणत्या क्रमानें करावी याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत. मिस्त्रीलोक या विकाराला ‘मिसिंग’ म्हणतात. शब्द परका खरा, पण इतका नेमका आहे कीं, मराठींत त्याला प्रतिशब्द शोधण्याचा खटाटोप मी करीत नाहीं.

उदाहरणासाठीं मीं भोर आणि वेल्हे यांचा मुलूख निवडला आहे. पुण्याच्या हौशी मोटारवाल्यांना तो परिचित आहे. कात्रजचा बोगदा ओलांडून खेड-शिवापूर मागें टाकावें, नसरापुराहून उजवीकडे वळलें म्हणजे वेल्ह्याचा रस्ता लागतो व समोर राजगड-तोरणा उभे राहतात. थोडें पुढें कापूरहोळाहून वळलें म्हणजे भोर. पुण्यापासून भोर सुमारें ५० किलोमीटर, आणि तेथून पुढें वरंध घाट उतरून महाड. एवढ्या अंतरांत इंजिनाची सर्व परीक्षा होते. सरळ रस्त्यावरची दौड आहे, पहिल्या-दुसऱ्या गिअरांतली चढण आहे, चैत्र-वैशाखांतील ऊन आहे आणि आषाढांतील धुवांधार पाऊसहि आहे. पुण्याच्या गल्लींत लपून राहिलेला दोष येथें आपण होऊन बाहेर पडतो.

गाडी म्हणून आपण एम. जी. कंपनीची टीसी घेऊं. इंग्लंडांत ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डन येथें १९४५ ते १९४९ या काळांत या दोन आसनी गाड्या सुमारें दहा हजार तयार झाल्या. त्यांतील थोड्या हिंदुस्थानांतहि आल्या, आणि जुन्या गाड्या जिवापाड जपणाऱ्या मंडळींकडे त्या आजहि पाहावयास मिळतात. उंच तारांचीं चाकें, लांब नाक, मागें पेट्रोलची टांकी उघडीच. इंजिन १,२५० घनसेंटिमीटरचें, चार सिलिंडरांचें, ५४ अश्वशक्तींचें. आजच्या साध्या कौटुंबिक गाडीची शक्तिदेखील याहून अधिक असते. पण या गाडीचें वजन थोडें व यंत्ररचना उघडी असल्यामुळें शिकण्यास तिच्यासारखा ग्रंथ नाहीं. तिच्यावर एस. यू. जातीचे दोन कार्ब्युरेटर असतात. पुढचा पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरला मिश्रण पुरवितो, मागचा तिसऱ्या व चौथ्याला. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

पेट्रोल-इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा व पेट्रोल यांचें योग्य मिश्रण, त्या मिश्रणावर पुरेसा दाब, आणि ठीक वेळीं पडलेली ठिणगी. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असतांना प्रत्येक सिलिंडरांत सेकंदाला २५ स्फोट होतात. चौघांचे मिळून शंभर. त्यांतील थोडे चुकले तरी कानाला तें कळतें व अंगाला त्याहून आधीं कळतें. आसन थरथरतें, मागच्या नळींतून फट्‌फट् असा ओला आवाज येतो आणि चढणीवर गाडी मागें ओढल्यासारखी वाटते.

आतां एका परिचित गृहस्थांच्या टीसीची हकीकत सांगतों. ही गाडी सकाळीं उत्तम सुरू होई. कात्रज सोडून कापूरहोळापर्यंत तक्रार नसे. भोरकडे वळून चढउतार सुरू झाले कीं वीस-पंचवीस मिनिटांनीं अडखळावयास लागे; दहा मिनिटें थांबलें कीं पुन्हां ठीक. शहरांतील एका गॅरेजांत त्यांना सांगण्यांत आलें कीं, इंजिनाचें काम निघालें आहे, तें सर्व खोलावें लागेल, सिलिंडर कांतून पिस्टन नवे घालावे लागतील. ही गाडी त्यांच्या वडिलांची. वडील हयात आहेत, थकले आहेत, आणि एकदां त्या गाडींतून भोरचा राजवाडा पुन्हां पाहावा एवढीच त्यांची इच्छा. खर्चाचा आंकडा ऐकून गाडी विकावी कीं काय, या विचारापर्यंत गृहस्थ आले होते. अशा वेळीं भोरच्याच एका वृद्ध मिस्त्रींनीं ती गाडी पाहिली. मी त्या वेळीं तेथें हजर होतों.

मिस्त्रींनीं हत्यार हातांत घेण्यापूर्वीं प्रश्न विचारले. “साहेब, थंड असतांना अडखळते का? चढावरच अडखळते, कीं सपाटीवर वेग घेतला तरी? आणि अलीकडे नवें काय बसवलें?” माझ्या मतें निदानाचा अर्धा भाग या तीन प्रश्नांत आला. जो दोष थंडपणीं असतो व गरम झाल्यावर जातो तो बहुधा मिश्रणाचा किंवा अडकलेल्या झडपेचा. जो थंडपणीं नसतो व गरम झाल्यावर येतो तो बहुधा विजेचा, नाहीं तर पेट्रोलची वाफ होण्याचा. झिजलेले पिस्टन दहा मिनिटांच्या विश्रांतीनें बरे होत नाहींत! इतका साधा विचार त्या गॅरेजांत कोणीं केला नव्हता, याचें आश्चर्य वाटतें.

प्रश्नांनंतर दुसरी पायरी म्हणजे दोषी सिलिंडर ओळखणें. इंजिन मंद चालू ठेवून एकेका प्लगची वायर लांकडी चिमट्यानें काढावी. वायर काढतांच आवाज आणखी बिघडला तर तो सिलिंडर काम करीत होता. कांहींच फरक पडला नाहीं तर तो आधींच मेलेला होता. ही युक्ति जुन्या पॉइंटच्या गाडीपुरतीच. आजच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीवर ती करूं नये. कॉइल व इतर नाजूक भाग जळतात, आणि करणाऱ्याला बसणारा झटकाहि साधा नसतो. फिरत्या पंख्याजवळ वाकतांना उपरणें, टाय किंवा साडीचा पदर लोंबत नाहीं हें पाहावें व मनगटावरचें धातूचें घड्याळ काढून ठेवावें.

या गाडीत गरमपणीं चारहि सिलिंडर आळीपाळीनें चुकत होते. एकच चुकत असता तर प्लग, त्याची वायर किंवा त्या सिलिंडरची झडप यांवर संशय घ्यावा लागता. चारहि चुकतात तेव्हां दोष चौघांच्या सामाईक वस्तूंत असला पाहिजे. अशा वस्तु थोड्याच असतात: कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, रोटर, आणि पेट्रोलचा पुरवठा.

पेट्रोल येतें कीं नाहीं हें कळण्याची या गाडींत मोठी सोय आहे. तिचा पंप विजेचा असून किल्ली फिरवितांच टकटक वाजतो, चेंबर भरलें कीं थांबतो. टकटक थांबतच नसेल तर टांकी रिकामी आहे किंवा नळींत हवा शिरते आहे; टकटक मुळींच होत नसेल तर पंपाचे पॉइंट काळवंडले आहेत, आणि बोटाच्या पेरानें टिचकी मारल्यास पुष्कळदां तो पुन्हां चालू लागतो. येथें पंप बरोबर बोलत होता. म्हणजे वीज राहिली.

डिस्ट्रिब्यूटरचें झाकण निघालें. पॉइंटमधील अंतर फिलर गेजनें पाहिलें. तें एका इंचाच्या बारा-हजारांशाइतकें, म्हणजे बरोबर होतें. झाकणाला आंतून तडा नव्हता. तडा असला तर काजळीची बारीक रेघ दिसते, आणि अंधाऱ्या रात्रीं इंजिन चालू ठेवून पाहिल्यास निळसर ठिणग्या वायरींवरून पळतांना दिसतात. पावसाळ्यांत वेल्ह्याकडच्या धुक्यांत या तपासणीचा फार उपयोग होतो. ओलावा हा विजेचा मोठा चोर आहे. झाकण कोरड्या फडक्यानें पुसलें तरी निम्म्या गाड्या रस्त्यावर येतात.

मग मिस्त्रींनीं रोटरकडे बोट दाखविलें. झाकणाच्या आंत फिरणारा हा अंगठ्याएवढा काळा तुकडा. त्याच्या डोक्यावर पितळेची पट्टी असते व ती ठिणगी चौघांना पाळीपाळीनें वांटते. तो नवाच होता, चार महिन्यांपूर्वीं बसविलेला. नवा म्हणून कोणाच्या मनांत त्याविषयीं संशय आला नव्हता. त्यांनीं गाडी चांगली तापवून आणविली, इंजिन बंद केलें, कॉइलची जाड वायर काढून तिचें टोंक रोटरच्या पितळेपासून जवाएवढ्या अंतरावर धरिलें, आणि किल्ली चालू ठेवून पॉइंट लांकडी काडीनें उघडले. ठिणगी ताडकन् रोटरमध्यें शिरली. शिरावयास नको होती. रोटर निर्दोष असेल तर त्यांतून जमिनीकडे वाट नसते. वाट आहे म्हणजे तापल्यावर त्याचें आवरण फुटून वीज खालच्या दांड्यांत जाते. हलक्या प्रतीचे नकली रोटर असे निघतात, ही जुन्या गाड्यांच्या जगांत ठाऊक असलेली गोष्ट आहे. मिस्त्रींनीं आपल्या डब्यांतला एक जुना, झिजलेला, पण अस्सल रोटर बसविला. इंजिन खोलण्याची गोष्ट तेथेंच संपली.

गाडीचा आजार मात्र सर्वस्वीं संपला नाहीं. चढणीवरचें अडखळणें गेलें. पण मंद चालतांना एक बारीक थरथर शिल्लक राहिली. दोन दोष एकावर एक असले म्हणजे मोठा निघाल्यावर धाकटा ऐकूं येतो. पुष्कळ मंडळी या ठिकाणीं चुकतात. पहिला उपाय फुकट गेला असें समजून तो परत फिरवितात व पुन्हां आरंभापासून गोंधळ घालतात.

आतां चारहि प्लग काढून क्रमानें एका फळीवर मांडले. प्लगचें तोंड हें वैद्याला जीभ असते तसें आहे. बिस्किटासारखा तपकिरी रंग म्हणजे प्रकृति उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल अधिक. ओला तेलकट काळेपणा म्हणजे पिस्टनच्या कड्यांतून किंवा झडपेच्या मार्गानें तेल वर येतें. आणि पांढुरका, राखेसारखा रंग म्हणजे पेट्रोल कमी, हवा अधिक, उष्णता भयंकर. येथें पहिला-दुसरा प्लग तपकिरी, तिसरा-चौथा पांढुरका. मघां सांगितलेली गोष्ट आठवा: तिसऱ्या-चौथ्याला पुरवठा मागच्या कार्ब्युरेटरचा. म्हणजे दोष त्याच बाजूला. मिस्त्रींनीं तेलाच्या कुपींतून एक थेंब त्या कार्ब्युरेटरच्या सांध्यावर सोडला. तो आंत ओढला गेला आणि क्षणभर आवाज बदलला. सांध्याचें पॅकिंग चेपलें होतें, तेथून चोरटी हवा शिरत होती. हीच परीक्षा कोणी पेट्रोल शिंपडून करितात; तापलेल्या नळीशेजारीं असें करणें म्हणजे गाडीची होळी करणें होय.

पॅकिंग नवें बसविल्यावर दोन्ही कार्ब्युरेटरांचा श्वास सारखा केला. यासाठीं रबराच्या नळीचें एक टोंक कानाशीं व दुसरें कार्ब्युरेटरच्या तोंडाशीं धरतात. दोहोंचा सूं-सूं आवाज एकाच पट्टींत आला पाहिजे. तंबोरा जुळविणाऱ्याला हें काम लवकर साधेल. मग मिश्रणाची परीक्षा: कार्ब्युरेटरमधला पिस्टन नखाएवढा उचलावा. इंजिनाचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर पेट्रोल अधिक. इंजिन गळून गेलें तर कमी. किंचित् वाढून पूर्ववत् झाला तर बरोबर. खालचा षट्‌कोनी नट एका वेळीं एकच बाजू फिरवावा. तो खालीं नेला कीं पेट्रोल वाढतें, वर नेला कीं कमी होतें. एका बाजूपलीकडे एकदम जाऊं नये, आणि कशांत किती फरक केला तें कागदावर लिहून ठेवावें.

या मिश्रणाच्या बाबतींत आजच्या पेट्रोलची एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०२३ च्या फेब्रुवारींत आपल्या देशांत वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विक्रीस आलें व पुढें तें सर्वत्र पसरलें. हें इथेनॉल मोठ्या प्रमाणांत उसापासून होतें, आणि नीरेच्या खोऱ्यांत राहणाऱ्याला ऊस म्हणजे काय हें सांगावयास नको. त्याच्या आर्थिक बाजूची चर्चा मी येथें करीत नाहीं, इंजिनापुरतें बोलतों. एक भाग शुद्ध पेट्रोल जळण्यास वजनानें १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला केवळ ९. म्हणून वीस टक्के मिश्रणाला सुमारें साडेतेरा पुरते. नव्या गाड्या धुराड्यांतील वायूचें माप घेऊन आपलें प्रमाण आपणच बदलतात. जुन्या कार्ब्युरेटरला तेवढी बुद्धि नाहीं. तो पूर्वींच्याच मापानें पेट्रोल देतो व मिश्रण पातळ पडतें. पातळ मिश्रणावर घाट चढत राहिलें तर इंजिन प्रथम अडखळतें, मग तापतें, आणि शेवटीं धुराच्या झडपा जळतात. मग मात्र इंजिन खरोखरच खोलावें लागतें. त्या टीसीचा नट दोन्ही बाजूंस दोन-दोन बाजू खालीं न्यावा लागला, तेव्हां चारहि प्लगांना बिस्किटाचा रंग आला.

इथेनॉलचे आणखी दोन स्वभाव आहेत. तें जुनें रबर फुगवितें व मऊ करितें. नळ्यांचे कण सुटून बारीक छिद्रांत अडकतात. म्हणून जुन्या गाडीच्या सर्व नळ्या व पंपाचा पडदा या पेट्रोलला सोसतील अशा नव्या द्रव्याच्या घालाव्या. दुसरें, तें हवेंतील पाणी शोषून घेतें. पावसाळ्याचे चार महिने अर्धी टांकी भरून गाडी उभी ठेविली तर पाणी व इथेनॉल एकत्र होऊन तळाशीं बसतें, आणि दिवाळीच्या सुमारास गाडी सुरू केली कीं पंप प्रथम तेंच ओढतो. अशी गाडी उभी ठेवणाऱ्यानें टांकी पूर्ण भरावी किंवा पूर्ण रिकामी करावी.

उन्हाळ्यांत महाडाहून वरंध चढतांना होणाऱ्या वाफेच्या अडथळ्याचें निदान वेगळें. गाडी हळू, इंजिन तापलेलें, वारा पाठीमागून. नळींतच पेट्रोलची वाफ होते व पंप नुसतीच टकटक करूं लागतो. अशा वेळीं रस्त्याच्या आंतल्या बाजूस, वळण सोडून गाडी घ्यावी, चाकांमागें दगड लावावे, झांकण उघडें करावें आणि पंपावर व नळीवर ओला रुमाल घालावा. पाव तासांत गाडी चालूं लागते. रेडिएटरचें टोपण मात्र त्या वेळीं उघडूं नये. उकळतें पाणी तोंडावर येऊन अनेकांचे डोळे भाजले आहेत.

वीज व पेट्रोल दोन्ही निर्दोष ठरल्यावरच दाबाकडे वळावें. चारहि सिलिंडरांचा दाब मोजून तुलना करावी. सर्व सारखे असतील, थोडे कमी असले तरी चिंता नाहीं. एकच फार कमी असेल तर त्यांत चमचाभर तेल घालून पुन्हां मोजावें: दाब वाढला तर पिस्टनच्या कड्या झिजल्या आहेत, वाढला नाहीं तर झडप नीट बसत नाहीं. शेजारचे दोन एकदम कमी असतील तर त्यांच्यामधील गॅस्केट जळलें आहे. झडपेची टॅपेट फार घट्ट राहिली असली तरी झडप बसत नाहीं. म्हणून टॅपेट जुळविल्याशिवाय दाबाचा निकाल खरा मानूं नये. ही सर्व परीक्षा एका सकाळचें काम आहे, आणि ज्या गॅरेजांत ती न करितां इंजिन खोलण्याचा सल्ला मिळतो तेथून नम्रपणें गाडी परत आणावी.

नव्या स्पोर्ट्‌स मोटारींचे मालक म्हणतील, आमच्या गाडीला यंत्र लावलें कीं दोष पडद्यावर येतो. येतो, पण अर्धाच येतो. ‘पी ०३०१’ असा संकेत दिसला तर पहिला सिलिंडर चुकतो आहे एवढेंच कळतें. कां चुकतो तें कळत नाहीं. पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर व दुसऱ्याची पहिल्यावर बसवून पाहावी. संकेत ‘पी ०३०२’ झाला तर कॉइल दोषी. तोच राहिला तर प्लग, इंजेक्टर, मग दाब. समोरचा इंजिनाचा दिवा उघडझाप करूं लागला तर मात्र पुढें रेटूं नये. न जळलेलें पेट्रोल धुराड्यांतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्यें जाऊन तेथें जळतें. तो महागडा भाग वितळतो आणि गाडीखालीं वाळलेलें गवत असेल तर आग लागण्याचा संभव असतो. वेल्ह्याच्या बाजूस माळावर हिवाळ्यानंतर असें गवत सर्वत्र असतें.

आणि त्याच बाजूस शेतघरीं आठ-पंधरा दिवस उभी राहिलेली नवी गाडी एकाएकीं अडखळूं लागली, तर संगणकाच्या आधीं बॉनेट उघडून वायरी पाहाव्या. पावसांत उंदीर उबेला इंजिनावर येतात व वायरींचें आवरण कुरतडतात. कुरतडलेली वायर थंडींत चालते, ओलीनें चुकते, आणि तपासणीच्या दिवशीं कोरडी होऊन हसत बसते. साळीचा कोंडा, नारळाच्या शेंड्या किंवा लेंड्या दिसल्या कीं संशय पक्का धरावा. निघतांना बॉनेटवर दोन थापा माराव्या, म्हणजे आंत कोणी बसलें असल्यास निघून जातें.

टीसीच्या त्या गृहस्थांनीं पुढच्या रविवारीं वडिलांना भोरास नेलें. राजवाडा पाहून, जेवून, सायंकाळीं ते पुण्यास परत आले. वरंधाचा बेत त्यांनीं पुढें ढकलला आहे; पाऊस लागला कीं त्या घाटांत दरडी येतात व रस्ता वाहतुकीस बंद ठेवण्यांत येतो, म्हणून तिकडे जाऊं इच्छिणाऱ्यांनीं भोर सोडण्यापूर्वीं तेथें चौकशी करावी. बरोबर एक जादा रोटर, कंडेन्सर, दोन प्लग, फिलर गेज, कोरडें फडकें आणि पाण्याचा डबा असावा.